माझ्या दहाव्याला चहाच ठेवावा

मी, दामू विठू ऐनकर, वय सदुसष्ट, धंदा शेती, पूर्वी रसायनीला कारखान्यात फिटर, राहणार मौजे कोंडाणे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. ‘शुद्धीत’ हा शब्द वकीलबाई सगळ्यांनाच घालतात. ‘पूर्ण’ मी घालायला लावला, कारण ती कमवताना माझा जीव निघाला आहे.

१. राहतं घर, परसातल्या चिकूसह, माझी बायको जयवंता हिचं. मी असतानाही ते तिनेच सांभाळलं, तेव्हा यात नवीन काही नाही.

२. भाताचं शेत मुलगा नरेश याचं. फार्महाऊसवाला कोणी विचारायला आला तर नरेशने आधी आईला विचारावं. ती नाही म्हणेल. मग परत विचारू नये.

३. पान्यांची पेटी नरेशलाच. मोठा पाना नवनाथ कोळंबे याच्याकडे आहे, तो मागू नये. नवनाथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. पाना मागायला गेलं की तो बसवतो आणि ओततो. माझी निम्मी दारू त्या पान्यापायी झाली आहे.

४. आता मुद्द्याचं. माझ्या दहाव्याला पिंडाशेजारी क्वार्टर ठेवू नये.

आमच्याकडे मेलेल्याच्या आवडीचं पिंडाजवळ ठेवतात. नवनाथच्या बापाच्या, सदूकाकांच्या, दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना. आईला बघू, शेत विकणार नाही, सगळं कबूल करून झालं. शेवटी नवन्याने खिशातली क्वार्टर भातावर ओतली आणि कावळा आला! तेव्हापासून तो स्वतःला या विषयातला जाणकार समजतो. चारचौघांत सांगून बसलाय, “दामूला मी इंग्लिश पाजनार. जित्तेपनी सोडली त्याचा राग नाय धरनार मी.”

मी मेल्यावर मला ‘नको’ म्हणता येणार नाही. जिवंतपणी ते म्हणायला शिकलो, त्यासाठी खालापूर गाठावं लागलं.

५. तिथला दारू सोडणाऱ्यांचा गट कसा सापडला तेही लिहितो, गावात आणखी कोणाला लागेल. गटात नाव-गाव गुप्त, त्यामुळे दारावर पाटी नाही. पहिल्यांदा मी चुकून मधुमेहाच्या शिबिरात बसलो. बोट टोचून घेतलं, सगळ्यांसमोर दारू सोडतो म्हणालो, त्यांनी भातही सोडायला सांगितलं. दुसऱ्यांदा महिला बचत गटात शिरलो. बायकांनी चहा पाजून बाहेर काढलं. वैतागून बारमध्ये जाऊन बसलो, तर काउंटरवाला म्हणाला, “काका, खालापूरला शाळेत बसतात ते, दर गुरुवारी. आमची चांगली चांगली गिऱ्हाइकं खाल्ली त्यांनी.” शिव्या देत देत रस्ता समजावून दिला. देव त्याचं भलं करो, धंदा मात्र बुडवो.

शाळेत पोरांचे बुटके बाक आहेत, बसलं की गुडघे कानाशी येतात. एकेक जण उठून नुसतं पहिलं नाव सांगतो, सगळे “नमस्कार” म्हणतात, टाळ्या वाजवतात. मग चहा. मी घरी येऊन जयवंताला म्हणालो, “अगं, नुसतं नाव सांगितलं तरी टाळ्या!” ती म्हणाली, “मंग दर गुरुवारी जा. डबा मी देते.” आणि चुलीकडे तोंड करून रडली.

६. म्हणून पिंडाशेजारी स्टीलच्या पेल्यात चहा आणि दोन बिस्किटं ठेवावीत. कावळा नाही शिवला तर बसू द्यावा त्याला. माझ्यापायी बरेच जण ताटकळले आहेत. गाईला घास घालून सरळ घरी यावं.

७. गटाच्या नावे काही ठेवणार होतो. वकीलबाई म्हणतात पूर्ण नाव हवं, गट म्हणतो आम्ही नाव सांगत नाही आणि इस्टेट घेत नाही. तेव्हा त्या बुटक्या बाकांवर उपाय म्हणून माझी घरची खुर्ची मी एखाद्या गुरुवारी तिथे विसरून येईन. विसरलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही.

८. हे कलम सहीच्या आधी जागेवरच वाढवलं आहे. गटातले पूर्ण नाव देईनात, म्हणून साक्षीला नवनाथला इथे गटाच्या शाळेत बोलावलं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण, त्याचे डोळे पिवळे झालेत, पाय सुजलेत. माझ्या दहाव्याच्या तयारीत तोच आधी जाईल, आणि मला त्याच्या दहाव्याला क्वार्टर घेऊन जायचं नाही. नुसतं ‘गटात चल’ म्हटलं असतं तर आला नसता. साक्षीला मान असतो म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला.

आज गटात बाहेरच्यांनाही बसता येतं, त्यामुळे वकीलबाईही कागद घेऊन आल्या, खोली भरली होती. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराने उभं राहून नाव सांगा. तो उठला. “माजं नाव नवनाथ सदू कोळंबे.”

अख्खी खोली म्हणाली, “नमस्कार, नवनाथ!” आणि टाळ्या.

“आरं, मी सहीला आलोय!” नवन्या ओरडला.

मागून कोणी तरी म्हणालं, “आमी बी असाच काय तरी बहाना करून आलतो. बसा. चहा घ्या.”

तो बसला. चहा झाल्यावरही उठला नाही. आता मी सही करतो आणि कागद त्याच्यापुढे सरकवतो.

ठिकाण: खालापूर
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: दामू विठू ऐनकर (सही)

साक्षीदार:
१. जितेश, वकीलबाईंचा कारकून (सही)
२. नवनाथ सदू कोळंबे (सही). दामूने माझ्यासमोर सही केली. कलम चार वाचलं. चहाच ठेवीन. मी आधी गेलो तर मलापण चहाच ठेवा. पाना पुढच्या गुरुवारी इथंच आणून देतो.