सुभद्रेचा रकाना

१ फेब्रुवारी १९३६, शनिवार. अमरावती.
शाळेत गेलो. इन्स्पेक्टर येणार होते, आले नाहीत. संध्याकाळी समाजमंडळाची सभा. मी चिटणीस. माझा ठराव मंजूर. सोयरीक ठरण्यापूर्वी दोन्ही घरांनी छापील फॉर्म भरावा. घराण्यात कुणाला मनाचा आजार होता काय, हेही लिहावे. पुंजाराम म्हणाले, "मास्तर, असं इचारत बसले तं वऱ्हाडात एक वरात निघणार नाही." सगळे हसले. मी नाही.

२ फेब्रुवारी.
सुभद्रा, माझी धाकटी बहीण, लग्नाआधी सहा महिने बोलत नव्हती. पाहुण्यांना मीच सांगितले, स्वभाव लाजरा आहे. सासरी तिवशाला तिचे न बोलणे नाटक ठरले. डॉक्टर कुणी आणला नाही. मागच्या चैत्रात तिने विहीर जवळ केली. तिची मुलगी शकुन आता आमच्याकडे. आईचे वर्ष भरायच्या आत शकुनचे लग्न झाले नाही, तर रीतीने तीन वर्षे थांबणे आले. अकोल्याच्या माणिकबाई मुलगा गोवर्धन याच्यासाठी रविवारी येणार. या वेळी सर्व खरे सांगणार. नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार.
आल्या आल्या सांगणार होतो, पण पाहुणे दमलेले. जेवणानंतर माणिकबाईंनीच पिशवीतून फॉर्म काढला. "तुमचाच कागद, मास्तर. आमचा भरून आणला. गोवर्धनच्या काकाले पागलखान्यात ठेवलं होतं, तेही लिवलं. आता तुमी लिवा."
'कोणी नाही' लिहिले. अक्षर चांगले आले.
खोटे नाही. शकुनचे घराणे म्हणजे बापाचे. तिथे सुभद्रा बाहेरून आलेली. आमच्या घरातून ती लग्न होऊन गेलेली. कोणत्याच रकान्यात बसत नाही.

१० फेब्रुवारी.
शकुनने विचारले, "मामा, मायचं नाव काहून नाही लिवलं?" नियम समजावला. म्हणाली, "मंग माय कोणाच्याच घरची नोती का?"
शाळेला उशीर होतो म्हणून निघालो. पोचलो तेव्हा शिपाई कुलूप काढत होता.

१६ फेब्रुवारी.
माणिकबाईंना पत्र. तीन मसुदे. मायना जमेना. तोवर डाक गेली. स्वतः जाणे अधिक बरे.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
रजा घेऊन अकोल्याला. माणिकबाईंच्या फुलांच्या दुकानापर्यंत गेलो. गिऱ्हाइकांसमोर कसे बोलणार? शेवंतीचा हार घेऊन परतलो. घरी सुभद्रेचा फोटो नाही. हार खुंटीला अडकवला.

१ मार्च, रविवार.
अकोल्याचे पत्र. शकुनच्या नावाने. तिने मला न सांगता त्यांना सगळे लिहिले होते. माझ्या बायकोला, पार्बताला, वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने मीच वाचले. माणिकबाईंनी सांगितलेले, गोवर्धनने लिहिलेले.
"पोरी, तुह्या मायले कोणी दवा देली नाही, याचं लय वाईट वाटलं. तुले कधी तसं वाटलं तं लपवू नोको, आमी डॉक्टर आणू. लग्न होईल. पण बोलणी तुह्या मामीसंगं करू. मास्तरसंगं नाही. ते कागदावर खोटं लिवते."
शेवटचे वाक्य वाचायचे टाळणार होतो. शकुन शेजारी बसून ओळीवर बोट फिरवत होती.

४ मार्च.
दोघी सकाळच्या गाडीने बोलणीला गेल्या. मला कुणी चला म्हटले नाही. पार्बताने भाकर आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती. खाल्ली. ताट घासले, भिंतीला टेकवून ठेवले.