बाबांची नजर, वॉल्टरचं नाव

२१ ऑगस्ट, गुरु.
नवा विषय आला. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची एकनळी दुर्बीण, कशी निवडावी. अडीच हजार शब्द, वाचक अमेरिकन, पुढच्या शुक्रवारी द्यायचा. मागच्या महिन्यात तंबू होते, त्याआधी मासेमारीचे बूट. यातलं काहीही मी आयुष्यात वापरलेलं नाही. लेख जातात वॉल्टरच्या नावानं. वॉल्टर म्हणजे मोंटानातला म्हातारा शिकारी, चाळीस वर्षं डोंगरात काढलेला. दाढीवाला फोटो विकत घेतलेला. गेली दोन वर्षं वॉल्टर म्हणजे मी, फरीदाबाद, तिसरा मजला, स्वयंपाकघराशेजारची खोली.

रितिकाला, म्हणजे आमच्या एडिटरला म्हटलं, शिकारवाला किसी और को दे दो. ती म्हणाली, "यार, वहाँ लीगल है. तुम बंदूक थोड़ी बेच रही हो, दूरबीन है."
बरोबरच आहे. दुर्बीणच आहे.
बाबांना काही बोलले नाही. चौतीस वर्षं चंद्रपूरकडे वनरक्षक होते. शिकाऱ्यांनी बिबट्यासाठी लावलेल्या लोखंडी सापळ्यात डावा पाय अडकला, तेव्हापासून लंगडतात.

२२ ऑग.
दिवसभर वाचन. वीस ते साठ पट झूम. पुढची काच पासष्ट मिलिमीटरची की ऐंशीची. सरळ नळी की वाकडी. सगळ्या साइट एकमेकींची कॉपी आणि मी त्या सगळ्यांची. सुरुवात लिहून पाठवली, परत आली. "वॉल्टर कॅटलॉग जैसा लग रहा है." अमेरिकेतला क्लायंट म्हणे यापुढे मशीनकडूनच लिहून घ्यायच्या विचारात आहे. मग मी काय करायचं, ते रितिकानं सांगितलं नाही.

२४ ऑग., रवि.
वरच्या मजल्यावरचे भाटियाजी पक्षी बघतात. त्यांचा स्कोप सकाळपुरता मागितला. गच्चीवर घेऊन गेले तर मागोमाग बाबाही काठी टेकत आले. आई गेल्यापासून, वर्ष झालं, इथे आहेत. दिवसभर बाल्कनीत बसतात, कबुतरं मोजतात.

मी सरळ साठवर झूम करून अरवलीकडे लावला. नुसतं हिरवं, हलणारं. "काय पाहून राहिली? कमी कर, कमी कर." त्यांनी झूम पार खाली आणला, चष्म्यासाठी डोळ्याकडची रबरी कड फिरवून बसवली (ही कड असते हे मी दोन दिवस वाचलं होतं, दिसली आत्ता), आणि बसले. दहा मिनिटं हलले नाहीत. मग, "रोही आहेत. तीन." नीलगाईला बाबा रोहीच म्हणतात. मला झुडपंच दिसत होती.

"जनावर नाही पाहाचं. जागा पाहाची. झाडं उभी असतात, पाठ आडवी असते. उभ्यात आडवं दिसलं का थांबाचं."

थांबले. एक कान हलला. मग अख्खी रोही दिसली, सावलीत बसलेली. मला त्यांचा हात धरून नाचावंसं वाटलं. बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

पुढचा तासभर ते बोलत होते, मी वहीत उतरवत होते. आधी स्टँड चांगला घ्यायचा, दुर्बीण मागून. ऊन चढलं की हवा उकळते, मग कितीही मोठं करा, व्यर्थ. बराच वेळ बसायचं तर वाकडी नळी, मान धरत नाही. चढून जायचं तर हलकी, छोट्या काचेची. संध्याकाळी बघायचं तर मोठी काच, वजन सोसायचं. डोंगर एका कोपऱ्यातून घ्यायचा, केर काढतो तसा.
"कशासाठी लिहून राहिली?"
"ऑफिसचं. जंगल बघायला जाणाऱ्या लोकांसाठी."
इतकं सहज तोंडातून गेलं.

२८ ऑग.
एका बैठकीत लिहून झाला. वॉल्टर देवदाराखाली बसलाय, समोरच्या उतारावर एल्क. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. उभ्यात आडवं, केर काढल्यासारखं, सगळं घातलं. रितिकाचा फोन: "ये कहाँ से लाई? पढ़के लगता है सच में कोई बैठा है वहाँ."
खूश झाले. खोटं कशाला लिहू, खूप खूश झाले.

३१ ऑग., रवि.
बाबांना लेख ऐकायचा होता. मराठीत वाचून दाखवला, वाचता वाचता बदलत. शिकारी दिसला की प्रवासी केला. नेम आला की फोटो. एकदा अडखळले तर म्हणाले, "सावकाश वाच, मले घाई नाही."
नंतर बाल्कनीतून त्यांनी बल्लारपूरला जुन्या सोबत्याला फोन लावला. मी कणीक मळत होते. "माही पोरगी ना, आपलं शिकवलेलं अमेरिकेतल्या लोकांना सांगून राहिली." तीनदा सांगितलं. मला स्वतःची शिसारी आली.

सुमेधला, नवऱ्याला, सांगितलं. त्याचं म्हणणं, बाबांना आता कशाला सांगतेस, इतक्या दिवसांनी माणूस खुशीत आहे. आणि खोटं तू लिहिलं कुठे आहेस?
लिहिलं नाही. वाचलं.

१२ सप्टें.
लेख जोरात चाललाय. वॉल्टर मशीनच्या हातून वाचला. क्लायंटला त्याचे अजून तीन लेख हवेत: जनावराच्या जवळ कसं जायचं, वारा कसा ओळखायचा, पाणवठ्यावर कुठे बसायचं. "अपने सोर्स से पूछो ना," रितिका म्हणते. सोर्स बाहेर वाटाणे सोलतोय.
पाणवठ्याचं तर बाबांइतकं कोणाला माहीत. दर बुद्धपौर्णिमेला प्राणीगणना, ते मचाणावर, घरी खीर आम्हीच खायचो.
विचारते म्हटलं. विचारलं नाही.

२३ सप्टें.
एका वाचकाचं पत्र. रितिकानं पुढे पाठवलं, वर लाल बदाम. वॉल्टरसाठी लिहिलंय. वय अठ्ठावन्न, आयुष्यातलं पहिलं एल्क. तुमची आडव्या रेषेची युक्ती वापरली. बाकीचे तिथून तसेच पुढे निघून गेले होते, मला सावलीत बसलेली पाठ दिसली. मुलगी सोबत होती. थंडीभर घरचं मांस पुरेल. मनापासून आभार.
सोबत फोटो. नारिंगी जाकीट घातलेला माणूस गुडघे टेकून बसलाय, दोन्ही हातांनी डोकं उचलून धरलंय. जीभ थोडी बाहेर. माणसाचा चेहरा चांगला आहे. त्याच्यावर धड चिडताही येईना.
जेवण गेलं नाही. अॅसिडिटी म्हणून सांगितलं.

२ ऑक्टो., गुरु.
धम्मचक्र प्रवर्तन दिन. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या हॉलमध्ये कार्यक्रम. सगळे पांढऱ्यात. नागपूरकडचे किती जण भेटले, बाबा ओळखी काढत फिरत होते. "मुलगी लेखिका आहे," असं दोघांना सांगताना ऐकलं.
पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहत्या न करण्याच्या शीलाला माझा आवाज गेला. शेजारी बाबांचा आवाज खणखणीत. बाकीची चारही नुसते ओठ हलवून म्हटली.
मेट्रोत शेजारी बसून त्यांचा डोळा लागला. उद्या सांगायचंच.

३ ऑक्टो.
सांगितलं. सकाळी, चहा झाल्यावर. लेख पुन्हा वाचला, काहीही न बदलता. शिकारी तिथे शिकारी, नेम तिथे नेम. मग पत्र. बाबांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "फोटो दाखव." लॅपटॉपवर मोठा केला. त्यांनी चष्मा पुसला, लावला, पुढे वाकले.
"मादी आहे."
माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिंगं नाहीत, हे दिसत होतं.
"पिल्लू कुठं होतं?"
म्हटलं, माहीत नाही.
"या दिवसांत असते सोबत. दूर ठेवते गवतात." एवढंच. बाल्कनीत गेले. माफी मागायला मागोमाग गेले तर हातानंच जा म्हणाले.

५ ऑक्टो., रवि.
माझ्याशी बोलत नाहीत. ताट पुढे केलं तर जेवतात. सुमेधला म्हणाले, बल्लारपूरची गाडी पाहा. तिथलं घर आई गेल्यापासून बंद, स्वयंपाक कोण करणार, औषधं कोण देणार? सुमेधनं हे सगळं सांगून पाहिलं. "तू गाडी पाहा." १२ तारखेचं तिकीट काढावं लागलं. सुमेध माझ्याकडे बघत नव्हता.
रितिकाला लिहिलं, लेख काढून टाका. उत्तर: वो अब क्लायंट का है. हटेगा नहीं. अपडेट करना हो तो भेज दो.
चिडून रडले. मग भांडी घासली, बाईची सुट्टी होती.

८ ऑक्टो., बुध.
आज सकाळी टेबलाजवळ येऊन उभे राहिले. पाच दिवसांत पहिल्यांदा.
"त्यात अजून काही घालता येते?"
येतं म्हटलं.
"मग घे लिहून."
उभ्यानंच सांगत होते. खुर्ची दिली, बसले नाहीत. जनावर सापडलं की दुर्बीण हलवायची नाही. खरं काम तिथून पुढे असतं. एकटी दिसणारी मादी एकटी नसते. ती चरताना सारखी कुठे बघते ते बघायचं. कान कुठे वळतात. कास दुधानं भरलेली आहे का. गवत हलतं का, वारा नसताना. काच यासाठी चांगली घ्यायची, दुरून जनावर मोठं दिसावं म्हणून नाही.
"अर्धा तास पाहाचं, लिही. अर्धा तास. मंग ज्याले जे कराचं ते करील."
लिहिलं. वॉल्टरच्या आवाजात आणायची गरजच पडली नाही, जसंच्या तसं इंग्रजीत केलं. विचारलं, नाव तुमचं टाकू? पटवून बघीन मी त्यांना. म्हणाले, "मले नाव नको. तेवढं जाऊ दे तिकडं."
तिकिटाचं विचारणार होते, धीर झाला नाही.

दुपारी पाठवलं. आत्ता चार वाजता रितिकाचं उत्तर: "स्कोप के आर्टिकल में ये सब क्यों? बाइंग गाइड है यार. क्लायंट काट देगा, फिर भी पूछती हूँ."
बाबा दारात येऊन उभे आहेत. "गेलं काय तिकडं?" दोनदा विचारून झालं. मी वहीत डोकं घालून लिहिते आहे, आणि ते गेलेले नाहीत.