डावी बाजू कापू देणार नाही

मोदेना, १२ नोव्हेंबर १९९८

ती. डेल्मोदादास धाकट्या एर्मेसचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? (त्रेचाळीस वर्षं आपण बोलत नाही, पण गुडघ्यांची चौकशी म्हणजे काही बोलणं नव्हे.) माझं म्हणशील तर प्रकृती ठणठणीत आहे. फक्त कालपासून मी एका मोटारीत अडकून बसलो आहे आणि हे पत्र तिच्या स्टिअरिंगवर कागद टेकवून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

मोटार म्हणजे आपणच घडवलेली, पंचावन्न सालची बिनटपाची लाल बार्केत्ता. नव्या मालकाने ती दुरुस्तीला इथे कारखान्यात आणली आहे. हल्ली तिच्यावर जाड पुस्तकं निघतात. त्यांत लिहितात की बॉनेटवरचा फुगवटा म्हणजे श्वापदाचा फुगलेला दंड. कसला दंड! कार्बोरेटर मावेनात, म्हणून आपण पत्रा वर ठोकला. आणि ते दुसरं दार? शर्यतीच्या नियमात दार हवं होतं म्हणून केलं, त्यातून मांजरसुद्धा तिरकं होऊनच जाईल. नकाशा तर नव्हताच. कारखान्याच्या साहेबांनी फरशीवर खडूने एक रेघ ओढली, "उभी असतानाही पळतेय असं वाटलं पाहिजे" म्हणाले आणि जेवायला निघून गेले. उरलं ते तारांचा सांगाडा, लाकडाचा ओंडका, वाळूची पिशवी आणि आपले दोन हातोडे. त्याच महिन्यात तू सारण भरलेले तोर्तेल्लीनी मलईत बुडवून खाणाऱ्या पोरीशी लग्न ठरवलंस. (मी तेव्हा जेवणाच्या टेबलावर जे बोललो ते आजही मागे घेत नाही. तोर्तेल्लीनी सारातच खायचे.) म्हणून उजवी बाजू तू ठोकलीस, डावी मी, आणि मधे आपण एकमेकांकडे पाठ करून उभे.

आता मिलानहून गास्पारे नावाचा इंजिनियर आला आहे. त्याने प्रकाशाच्या यंत्राने मोजलं आणि म्हणाला, "आजोबा, डावं मडगार्ड चौदा मिलिमीटर जास्त फुगलंय. चूक आहे. सोमवारी कापून उजव्यासारखं करतो."

मी म्हटलं, "पोरा, तुझ्या आईने तुझे दोन्ही कान मोजून घेतले होते का?"

तो हसला, पण कात्री काही खाली ठेवेना. मग मी सरळ आत जाऊन बसलो. कापायचं तर मलाही कापा म्हटलं! (पंचावन्न सालची कंबर आता राहिली नाही हे बसल्यावर लक्षात आलं.) बायको, योले, सार घेऊन आली, मला बघून म्हणाली, "चला, एकदाचे सापडलात. बसा आता." पण मी हटणार नाही. याच दोन वेगळ्या बाजूंनी ही लाल पोरगी डोंगरातली शर्यत जिंकली, तेव्हा वाऱ्याने तक्रार केली नव्हती.

तुझा,
एर्मेस

ता. क. गास्पारे म्हणतो, उजवी बाजू ठोकणारा हयात असेल तर त्याचा शब्द मानू. तू तीन गल्ल्यांवर तर राहतोस. सोमवारी आठला ये आणि एवढंच सांग, की चुकली ती उजवी.

ता. क. २. योले म्हणते, खरं लिहा. लिहितो. तू जेवायला गेलास तेव्हा मी तुझी बाजू चोरून पाहिली होती. इतकी सुंदर होती की तशीच करणं मला जमलं असतं, पण सोसलं नसतं. ते चौदा मिलिमीटर म्हणजे माझा राग आहे, दादा. तो कापला तर मोटार तुझ्या एकट्याची होईल. म्हणून खोटं बोलू नकोस. नुसता ये, आणि तुझ्या बाजूला उभा राहा.