सव्वीस तास सलग वीज मिळण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्यक अभियंता,
वीजपुरवठा उपविभागीय कार्यालय

विषय: घरातील साठवण-यंत्रासाठी एकदाच सलग सव्वीस तास वीज मिळण्याबाबत.
संदर्भ: माझ्या तक्रारी क्र. ४०७, ४३१ (‘ग्राहक समाधानी’ शेऱ्याने बंद) व ४६६ (‘अत्यंत समाधानी’ शेऱ्याने बंद).

महोदय,

“पिवळा दिवा लागला की आधी बटण दाबायचं, मग हवं तेवढं घाबरायचं.” घशाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी यजमानांनी मला दिलेली ही सूचना. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला; आता ते पाटीवर लिहून बोलतात. सूचना मी पाळते आहे. अर्ज करण्याचे कारण की, ती पाळता पाळता आम्ही दोघेही घरात अडकून पडलो आहोत.

१. शस्त्रक्रियेपूर्वी यजमानांनी येणाऱ्या नातवंडासाठी एकसष्ट गोष्टी स्वतःच्या आवाजात सांगून ठेवल्या. त्या कपाटातल्या साठवण-यंत्रात आहेत. यंत्रात दोन डिस्क होत्या व दोन्हींवर तेच होते, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. आम्ही दोघे दवाखान्यात असताना एका दुपारी वीज न सांगता गेली, आली, पुन्हा गेली. एक डिस्क कायमची बसली, दुसरी कुरकुरू लागली.

२. कुरकुरणाऱ्या डिस्कवरच्या गोष्टी थेट उघडत नाहीत. खराब भाग चुकवत त्या नव्या डिस्कवर संथपणे उतरवाव्या लागतात. त्याला सव्वीस तास लागतात, आणि मध्ये यंत्र बंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या दोन महिन्यांत आमच्या गल्लीत वीज एकवीस तासांपलीकडे टिकलेली नाही (वेळा टिपलेली वही जोडली आहे). त्या एकवीस तासांच्या दिवशी यजमानांनी पाटीच्या कोपऱ्यात ‘आज होणार’ असे लिहिले होते. कोपरा अजून कोणी पुसलेला नाही.

३. बॅटरी का घेत नाही, असे आपल्याकडून विचारले गेले. घेतली आहे. वीज गेली की तिचा पिवळा दिवा लागतो आणि ती वीस मिनिटे धरते. तेवढ्यात बटण दाबून यंत्र नीट बंद करता येते, पण ते माणसानेच करावे लागते, कारण बॅटरीचा निरोप यंत्राला कळत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, “काकू, त्या दोघांचं बोलणंच नाही.” यंत्र जागचे हलवायलाही त्याची सक्त मनाई आहे. त्यामुळे एकाने कायम पिवळ्या दिव्यासमोर बसावे लागते. लेक बाळंत होऊन सात आठवडे झाले, आम्ही नात पाहिलेली नाही. बंद ठेवून जावे, तर यजमान रिकाम्या हाताने जायला तयार नाहीत. लेक फोनवर म्हणते, “तुम्ही दोघं त्या कपाटाला दत्तक गेलात का?”

४. आपले कार्यालय खातरजमेचा फोन सकाळी दहा ते बारा या वेळेतच करते. मी बावीस वर्षे रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन पाळते. ते देवापाशी घेतलेले आहे. यजमानांना बोलता येत नाही. फोन कोणीही उचलला तरी पलीकडच्या ताईंना शांतताच ऐकू जाते. दोनदा त्या “काही तक्रार नाही ना? बरं,” म्हणाल्या व फोन ठेवला. तिसऱ्या वेळी यजमानांनी फोनजवळ स्टीलचा डबा वाजवून पाहिला. ‘अत्यंत’ हा शब्द त्यानंतर आला असावा. दुपारी मी फोन केला, तर बंद तक्रारीवर बोलता येत नाही असे सांगण्यात आले.

तरी आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी सलग सव्वीस तास वीज द्यावी आणि तो दिवस लेखी कळवावा, ही विनंती. बाकीच्या दिवसांबद्दल माझे काही म्हणणे नाही.

अर्ज घेण्याची वेळही दहा ते बाराच असल्याने खिडकीपाशी मी मौनातच उभी राहीन. त्याचा अर्थ कृपया समाधान असा लावू नये.

यजमान कपाटासमोर बसले आहेत. आत्ताच त्यांनी पाटीवर ‘टपालात नको, हातात दे’ असे लिहिले. मी मान हलवून हो म्हटले आहे. छत्री व वही घेतली. निघते.

लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,
अर्जदार
(तक्रार क्र. ४६६ मधील ग्राहक)

दिनांक १४, मंगळवार, सकाळी पावणेदहा