आत्याच्या रेकॉर्डचा वेग

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो अर्धाच घडला, उरलेला मनाने घातला आहे असं समज.) गुडघा कसा आहे? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या मुलीकडून तुझ्या सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि तिच्याकडून मला कळलं. माझ्या मागच्या चार पत्रांना तुझं उत्तर नाही, त्यावरून तब्येत उत्तम असावी असं धरून चालतो, कारण अकरा वर्षं एकाच माणसावर राग धरायचा तर अंगात ताकद लागते. हे पत्र फाडू नकोस. निदान पुरतं वाचून मग फाड.

निवृत्तीनंतर मी सुधारेन अशी घरात सगळ्यांना आशा होती. दोन खोल्यांत चार हजार रेकॉर्डी घेऊन राहणारा माणूस आणखी काय बिघडणार, असा त्यांचा हिशेब. (पलंग विटांवर चढवून खाली रेकॉर्डी, पिठाच्या डब्यामागे रेकॉर्डी. तुझ्या सुनेच्या कपाटात एक कप्पा अजून तिचा आहे, पण त्यावर माझा डोळा आहे हे तिला माहीत आहे.) तरी मी बिघडलो. मी रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपन्या काढून विसरल्या अशा जुन्या रेकॉर्डी शोधायच्या, साफ करायच्या आणि पुन्हा छापायच्या. कंपनी म्हणजे मी, जेवणाचं टेबल आणि एक रबरी शिक्का. पहिली रेकॉर्ड कुणाची, ते तू ओळखलंच असशील. बाबा गेल्यावर तू जी मागितलीस आणि ‘जगात एकच प्रत उरली आहे, तुझ्याकडे फुटेल’ असं म्हणून मी जी दिली नाही, तीच. तुझीच दोन गाणी तुलाच न देण्याइतका मी शहाणा निघालो. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तू बोलावंस म्हणूनच होता. तीनशे प्रती काढायच्या आणि पहिली तुझ्या हातात ठेवायची, असा बेत होता. (ती चार पत्रं परवानगीचीच होती. उत्तर नाही म्हणजे होकार, असं मी परस्पर ठरवलं. हाही एक गुन्हा मांडून ठेव.)

पाकिटावर तुझा फोटो हवा, म्हणून घरच्या अल्बममधल्या एका घोळक्यातून तुला कापून काढलं. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. फक्त शेजारी उभ्या असलेल्या काकांचं कोपर काही केल्या निघेना, ते तुझ्या कानापाशी तसंच राहिलं. आमच्या संग्राहकांच्या मंडळात सात सभासद आहेत. सातही जणांनी गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण कोपर कुणाचं हे प्रत्येकाने विचारलं.

पण कोपर परवडलं. खरा घोळ वेगाचा झाला. जुन्या रेकॉर्डी सगळ्या नेमक्या एकाच वेगाने भरलेल्या नसत, ते कानाने ठरवावं लागतं. आणि कान कुणाचा? अर्थात माझा. खरखर काढून देणारा जो तंत्रज्ञ आहे (आम्ही त्याला न्हावी म्हणतो, कारण तो तासन्‌तास मान वाकवून एकेक केस वेचल्यासारखी खरखर वेचतो), तो बिचारा दोनदा म्हणाला, की बाई पळतायत असं वाटतं, थोडं सावकाश करू या. मी त्याला झापला. म्हटलं, सहा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय, घरचं गाणं आहे, मला शिकवू नका. आता आपल्या घरचा तो चावीचा ग्रामोफोन आठव. वेगाचा स्क्रू बाबांनी एकदा पिळला तो पिळला, पुन्हा कधी मागे फिरलाच नाही. आपल्याकडे सगळेच गायक गाडी चुकत असल्यासारखे गात. मला ते कधी कळलंच नाही. मी न्हाव्याला तोच वेग धरायला लावला, आणि तीनशे प्रती तशा छापून घरी आल्या.

प्रकाशनाला मी तुझ्याबरोबर व्हायोलिन वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलावलं. त्या दिवशी त्या स्टुडिओत असलेल्यांपैकी तू आणि ते, दोघंच उरला आहात. वाचनालयाच्या वरच्या खोलीत चाळीस खुर्च्या, त्यांतल्या सव्वीस भरलेल्या. रेकॉर्ड लावली. म्हातारबुवा डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं भरून आलंय. गाणं संपलं तसे माइक हातात घेऊन म्हणाले, ‘‘हे मी वाजवलेलं नाही. आणि ही बाई तर ती नव्हेच.’’

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मग ते सावकाश सांगू लागले, की तुझा आवाज भारी होता, जड होता, इतका की तुला माइकपासून चार पावलं मागे उभं करावं लागे. रेकॉर्ड जोरात फिरली की आवाजही चढतो आणि बारीक होतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. आत्या, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तुझं एकमेव काम मी जगापुढे आणलं आणि त्यातून तुलाच गाळलं. वर कहर म्हणजे एका मासिकात परीक्षण आलं आहे, बारा वर्षांच्या मुलीची ही तयारी थक्क करते म्हणून. तीनशे पाकिटं खोक्यांत भरून दाराआड रचली आहेत आणि दार अर्धंच उघडतं. शेजारी विचारतात, पुढची रेकॉर्ड कधी? मी कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवतो. कंपनी बंद करावी म्हणतो. माझ्या हातून आता काही नीट होईल असं मलाच वाटत नाही.

तुझा
(नालायक) भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. तू ती गाणी कोणत्या पट्टीत गायलीस, एवढं एका कार्डावर लिहून कळव. बाकी मजकूर नसला तरी चालेल.

ता. क. २. वरचं खोटं आहे. पट्टी मिळाली. गाण्याच्या सुरुवातीला व्हायोलिनची मोकळी तार वाजते. ती कोणत्या सुराला लावली होती ते म्हाताऱ्यांना पक्कं आठवत होतं, आणि न्हाव्याने त्यावरून वेग बसवला. काल ऐकलं. आत्या, मी ओळखलं नाही तुला. पन्नास वर्षं ज्या आवाजावर हक्क सांगत होतो तो तुझा नव्हताच. हा जो आहे, तो ऐकताना तुझी सून पोळपाट तसाच टाकून बाहेर येऊन बसली आणि गाणं संपल्यावरही उठली नाही.

ता. क. ३. मूळ रेकॉर्ड पोस्टाने पाठवत नाही. रविवारी दुपारी घेऊन येतो. बोलू नकोस हवं तर, दार तेवढं उघड. तुझ्या सुनेने बजावलं आहे, की या वेळी हात हलवत परत या, नाहीतर येऊच नका.