गॅरेज म्हणावे, शटरची खोली म्हणू नये

१ मार्च, रविवार. सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ठेवलेली बरी. काम: गॅरेजला इंटरलॉकिंग टाइल्सची फरशी. स्वहस्ते.

पार्श्वभूमी. दिवाळी पाडव्याला गाडी घेतली. आमच्या खानदानातली पहिली चारचाकी. शोरूमच्या माणसाने ती माझ्या देखरेखीखाली घरापर्यंत आणली आणि समोरच्या लिंबाखाली लावली. तेव्हापासून तिथेच आहे, कव्हरखाली. लोकांना वाटतं मला चालवायची भीती वाटते. लायसन आहे माझ्याकडे. मुद्दा वेगळा आहे. गाडी धुळीच्या, खडबडीत फरशीवर उभी राहिली तर टायर खराब होतात. म्हणून आधी गॅरेज, मग ड्रायव्हिंग. क्रम महत्त्वाचा.

ज्योती गॅरेजला शटरची खोली म्हणते. घर बांधताना ती दुकानाला भाड्याने द्यायची म्हणून काढली होती, हे खरं. पण बायकोने तरी बरोबर शब्द वापरावा. तसं सांगितलं. बरं म्हणाली. लगेच विचारलं, मग शटरच्या खोलीतली तूर कुठं ठेवू?

संध्याकाळी. साखऱ्याहून सासूबाईंचा, म्हणजे पंचफुलाबाईंचा, फोन. त्यांचा मणका दुखतो. डॉक्टरांनी जीप आणि एसटी दोन्ही बंद केल्या आहेत, कारने आलं तर चालेल म्हणाले. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांना हिंगोलीला आणायचं मी कबूल केलंय. त्या म्हणाल्या, उद्याच काहून न्हाई? मी सांगितलं, फरशी झाली की लगेच. त्यावर त्या म्हणाल्या, बापू, मी काय फरशीवर बसून येणार हाय का?

जुन्या लोकांना सिस्टीम कळत नाही.

३ मार्च, मंगळवार
टाइल्स ऑनलाइन मागवल्या. प्लास्टिकच्या, जाळीदार, एकमेकीत अडकणाऱ्या. सिमेंट नाही, मिस्त्री नाही. व्हिडिओतला माणूस अख्खं गॅरेज चहा प्यायच्या आत बसवतो. तो गोरा होता. मला चहा पिऊन झाल्यावर अजून थोडा वेळ लागेल.

काळा आणि पिवळा, बुद्धिबळासारखे चौकोन. ऑफिसात बड्या साहेबांना फोटो दाखवला. त्यांनी पाटबंधारे खात्याच्या राहिलेल्या फायलींबद्दल विचारलं.

सकाळी गाडी चालू करून इंजिन गरम केलं. पुढे-मागे नेण्याची गरज भासली नाही.

१० मार्च, मंगळवार
खोके आले. काळ्या टाइल्स बरोबर आहेत. पिवळ्यांच्या जागी गुलाबी आल्या. ऑर्डर उघडून पाहिली तर मीच गुलाबीवर बोट ठेवलेलं निघालं. परत पाठवण्यात वेळ जाईल. काळा-गुलाबी परदेशात फार चालतो, असं ज्योतीला सांगितलं. ती म्हणाली, परदेशातल्या ब्युटी पार्लरात का?

गॅरेज रिकामं केलं. तुरीची पोती, कूलर, जुनं कपाट, सगळं हॉलमध्ये. आता सोफ्यावर जायला कपाट आणि कूलरच्या मधून आडवं व्हावं लागतं. तात्पुरतं आहे. कष्टाशिवाय गॅरेज नाही.

१५ मार्च, रविवार
कामाला आरंभ. बरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलंय, सुरुवात शटरकडून करा. मी मागच्या भिंतीकडून केली. पत्रक लिहिणाऱ्याने आमची मागची भिंत पाहिलेली नाही.

टाइलच्या दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना आकडे. आकडा कडीत घालायचा आणि रबरी हातोडीने ठोकायचं. खटकन आवाज येतो. फार समाधान देणारा आवाज.

शेजारचे देविदासराव खुर्ची घेऊन आले आणि दारात बसले. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, रविवारी बंद असतं. त्यांनी विचारलं, भाऊ, गाडी आत ठेवायला फरशी काहून लागते? आमच्या शिलाची तर मातीतच उभी राहते. मी त्यांना टायरचं सांगितलं. ते म्हणाले, पण मग ती रस्त्यावर चालती तवा?

यावर उत्तर आहे. पण त्या वेळी हातात हातोडी होती.

१७ मार्च, मंगळवार
कड्या-आकड्यांची दिशा सगळीकडे एकच पाहिजे, हे अर्ध्यावर आल्यावर कळलं. सगळ्या काढल्या. याला वाया गेलेला वेळ म्हणता येणार नाही, सराव झाला.

ज्योती हल्ली सकाळी शिलाताईंच्या गाडीत बसून कनेरगाव नाक्यापर्यंत जाते. देविदासरावांच्या मिसेस शिलाताई तिथल्या शाळेत शिक्षिका आहेत. ही तिथून जीपने परत येते आणि मग दवाखान्यात ड्यूटीला. कशासाठी, विचारलं. म्हणाली, हवा चांगली असती तिकडं. चांगली गोष्ट आहे. नर्सलाही व्यायाम पाहिजे. बसल्या जागी किती व्यायाम होतो हा प्रश्न आहे, पण मी टोकलं नाही.

२२ मार्च, रविवार. दुपारी
फरशी पूर्ण. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, घट्ट. पत्रकात म्हटलंय की भिंतीला लागून बोटभर जागा सोडा. म्हणजे यांच्या देशात मापं चुकत असणार. आमच्याकडे कागदही सरकणार नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. भाच्याने विचारलं, मामा, कोणती मिठाई हाय?

एक बारीक अडचण. शेवटची ओळ शटरच्या रेषेच्या थोडी पुढे गेली. शटर खाली येतं पण टाइलवर टेकतं, कुलपाची भोकं जुळत नाहीत. सध्या अर्धवट उघडं राहील. हवा खेळती राहते.

ज्योती म्हणाली, झालं ना, मग आज आईला आणू. मी म्हटलं, फरशी सेटल होऊ दे. तिने खोक्यातलं पत्रक काढून वाचलं आणि म्हणाली, यात लिवलंय की लगेच वापरा. हिला प्रत्येक गोष्ट वाचायची सवय आहे.

२९ मार्च, रविवार
फरशी सेटल होऊन राहिली आहे.

ज्योतीच्या बाबतीत एक नोंद. भाजी चिरताना तिचा डावा पाय टेबलाखाली वर-खाली होतो. कॅल्शियम कमी असावं. गोळ्या आणून दिल्या. नंतर तिने विचारलं की चढावर गाडी थांबली तर मागे न येता कशी उचलायची. मी हाफ क्लच, हँडब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर सगळं वहीवर आकृती काढून समजावलं. मन लावून ऐकलं तिने. शेवटी म्हणाली, आणि तुमी कोणत्या चढावर केलं हे? मी म्हटलं, थिअरी पक्की असली की चढ कोणताही चालतो.

विद्यार्थिनी म्हणून बरी आहे.

२ एप्रिल, गुरुवार
ऊन फार. ऑफिसातून आलो तर देविदासराव गॅरेजसमोर उभे. म्हणाले, भाऊ, तुमच्या खोलीत डोंगर आला.

खरोखर आला होता. फरशी मधोमध उचलली गेली होती, तंबूसारखी. वर उभा राहिलो तर तिथे खाली गेली आणि मागच्या कोपऱ्याकडे वर आली. तिकडे गेलो तर परत मध्ये. देविदासराव म्हणाले, दोघं मिळून उभं राहू. राहिलो. मग दाराशी वर आली.

उष्णतेने प्लास्टिक वाढतं. पत्रकातली बोटभर जागा त्यासाठी असावी. तसं त्यांनी स्पष्ट लिहायला पाहिजे होतं. ज्योती म्हणाली, लिवलंय स्पष्ट, मराठीत बी लिवलंय.

तुरीची पोती हॉलमधून आणून डोंगरावर ठेवली. ऊन उतरल्यावर फरशी आपोआप सपाट झाली. म्हणजे फरशीत दोष नाही. फक्त दुपारी वापरता येत नाही.

५ एप्रिल, रविवार
भिंतीच्या कडेने टाइल्स करवतीने कापल्या. बोटभर जागा सोडायची होती. काही ठिकाणी हातभर सुटली. करवत जुनी आहे.

हॉल, गॅरेज आणि माझी पाठ, तिन्ही अस्ताव्यस्त.

६ एप्रिल, सोमवार
सासूबाईंचा फोन ज्योतीने उचलला. बोलताना स्वयंपाकघरात गेली. मी विचारलं तेव्हा सांगितलं. आईने जयंतीसाठी पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून उशाशी ठेवलंय. म्हणाली, मागच्या साली मणक्यानं जाता आलं न्हाई, यंदा लेकीच्या गाडीत बसून जायाचं व्हतं. जमत नसंल तर सांगा म्हणे, लुगडं परत पेटीत ठेवते. राग न्हाई.

राग नाही म्हणाल्या त्याचंच जास्त लागलं.

मी ज्योतीला सांगितलं, बारा तारखेला गाडी गॅरेजमध्ये घेणार, तेराला साखरा. शब्द म्हणजे शब्द. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, सुट्टी टाकून ठेवा.

रात्री जेवण कमी गेलं. उन्हामुळे.

११ एप्रिल, शनिवार
संपूर्ण तयारी. तुरीची पोती परत हॉलमध्ये, जुनं कपाट गॅरेजच्या मागच्या भिंतीशी. गाडी धुतली. आरसे पुसले. सीटवर बसून गिअर टाकण्याचा सराव केला, इंजिन बंद ठेवून. पेट्रोलची बचत होते.

मनात उद्याबद्दल कसलीही शंका नाही. फक्त गल्लीत मंडप घालायला सुरुवात झाली आहे. खांब मध्ये आले तर नाइलाज होईल. जाऊन पाहिलं. खांब बरेच बाजूला रोवले आहेत.

१२ एप्रिल, रविवार
सविस्तर लिहितो, कारण चर्चा चुकीची होऊन राहिली आहे.

सकाळी गाडी सुरू केली. देविदासराव गॅरेजच्या आत उभे राहून हाताने या, या करत होते. शिलाताई त्यांच्या गच्चीवर. ज्योती पायरीवर. मी गाडी शटरकडे वळवली. हे काम उत्तम झालं. पुढची चाकं टाइलच्या कडेला लागली. या कडेला उताराची पट्टी लावतात, ती वेगळी मागवावी लागते, हे आज कळलं. थोडी रेस दिली. चाक चढलं नाही. टाइलची पहिली ओळ खालून सरकली, तिने दुसरीला ढकललं, दुसरीने तिसरीला, आणि पूर्ण फरशी गोळा होत देविदासरावांच्या गुडघ्यापर्यंत आली. ते कपाटावर चढले. मी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. गाडी अर्धी आत, अर्धी रस्त्यावर.

उतरून मी म्हटलं, चाचणी एकंदरीत समाधानकारक आहे. मागे दुधवाल्याने हॉर्न दिला. मी पुन्हा सीटवर बसलो. किल्लीवर हात ठेवला. हाताला घाम होता, किल्ली फिरेना. म्हणजे फिरत होती, मी फिरवत नव्हतो.

ज्योती खिडकीशी आली. हळू आवाजात म्हणाली, तुमी जरा उतरता का? मी उतरलो. ती बसली. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, गाडी सुरू करून मागे घेतली, मंडपाच्या दोन खांबांमधून, आणि लिंबाखाली कडेला लावली. एकदाही बंद पडली नाही. दुधवाला गेला.

रिव्हर्सला उतार होता, हे लक्षात घेतलं पाहिजे.

दुपारी. तिने संक्रांतीलाच शिकाऊ लायसन काढलं होतं. पक्कं मागच्या महिन्यात. शिलाताईंनी शिकवलं, कनेरगावच्या रस्त्यावर. मी विचारलं, मला काहून सांगितलं न्हाई? ती म्हणाली, तीनदा सांगितलं, तुमी ठोकून राहिले होते.

हातोडीचा आवाज मोठा आहे हे कबूल.

संध्याकाळी. आईला पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून त्यांची खाट शटरच्या खोलीत टाकायची, असं ज्योतीने ठरवलं. तिने आणि शिलाताईंनी टाइल्स पुन्हा बसवल्या. पत्रक जमिनीवर उघडून. सुरुवात शटरकडून. भिंतीला बोटभर जागा. कापलेल्या टाइल्स खाटेखाली गेल्या. देविदासराव कपाट धरून होते. मी टाइल्स पुसून देत होतो, काळ्या वेगळ्या, गुलाबी वेगळ्या. शटर पूर्ण खाली आलं आणि कुलूप लागलं.

फरशी चांगली दिसते. रंगाची निवड माझी होती.

१३ एप्रिल, सोमवार
सुट्टी टाकली होती. सकाळी साखऱ्याला निघालो. ज्योतीने चालवली. मी शेजारी बसून रस्त्यावर लक्ष ठेवलं. सेनगावच्या पुढे एक म्हैस आडवी आली. ती मला ज्योतीच्या आधी दिसली, पण सांगेपर्यंत गाडी थांबलेली होती.

सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. लुगड्याची पिशवी मांडीवर. गाडीला त्यांनी आधी हात लावला, मग लेकीच्या तोंडाला. आत बसवायला दोघांनी धरावं लागलं. मणक्याला टेकू म्हणून पुढची सीट मागे पाडली आणि त्या तिथे बसल्या. मी मागे, गोधडी, पाण्याचा हंडा आणि बांधलेल्या भाकरींसोबत.

गाव सुटेपर्यंत त्या खिडकीतून बघत होत्या. कुणी दिसलं की हात करत होत्या. मग ज्योतीच्या हाताकडे बघत राहिल्या, गिअरवरच्या. बऱ्याच वेळाने विचारलं, बाई, जावईबापूला गाडी येत न्हाई का?

मी मागे होतो. कुणाला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही.

ज्योतीने आरशात पाहिलं नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाली, येती की. लई चांगली येती. पण चष्म्याचा नंबर बदलला हाय त्यांचा, म्हणून मी घेतली आज.

सासूबाई म्हणाल्या, अगं मग आधी सांगायचं, एवढ्या लांब काहून आणलं डोळ्याच्या माणसाला. आणि मागे हात करून त्यांनी माझा गुडघा थोपटला.

माझा नंबर बदललेला नाही. दिवाळीतच तपासला होता. पण मी चष्मा काढला आणि हातात धरून बसलो. हिंगोली येईपर्यंत तसाच. रस्ता चांगला होता म्हणतात.