विहिरीतली दुसरी मोटर

सोमवार, ८ मे १९८९. स. ७.४०
सिलिंडर हौदात बुडवून बुडबुडे येतात का बघत होतो. एकही नाही. पुन्हा बघितले, तरी नाही. तेवढ्यात आमचे पाणबुडे रफिकभाई कान धरून आले. सर्दी कानात उतरली. डॉक्टरांनी काही दिवस पाण्यात जायला मनाई केली आहे. या धंद्यात नाक चोंदले की कमाई बंद.
आमचे मालक नाना दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "सुभाष, गुरुवारी असोद्याच्या विहिरीत तू उतर. नीट झालं तर धरणाच्या दरवाज्यांच्या कामात तुला उतरणारा म्हणून धरतो."
दोन वर्षे मी काठावर दोर धरतो आहे. रोज वीस रु., तेही काम निघाले तर. उतरणाऱ्याला एका डुबकीचे शंभर. खाणीच्या पाण्यात नानांकडे उधारीवर शिकलो, पण पैशाची डुबकी अजून एकही नाही.
दिवसभरात सिलिंडर आणखी तीनदा बुडवून बघितले. जेवलो मात्र दोन्ही वेळा. आश्चर्य वाटले म्हणून लिहून ठेवतो.

मंगळवार, ९ मे
मेहुण्यांचे पत्र. नरडाण्याला तेलाच्या मिलमध्ये वजनकाट्यावर लिहिणारा माणूस हवा आहे. महिना साडेपाचशे, दिवाळीला बोनस. वीस तारखेच्या आत कळवा.
आई म्हणाली, "पानीमा काय शे रे? तू मासा शेस का?"
कागदावर मांडून दाखवले. महिन्याला सहा डुबक्या झाल्या की मिलच्या वर.
"आनि सर्दी व्हयनी ते?"
हे कागदावर नव्हते.
ठरवले, गुरुवार नीट पार पडला तर मेहुण्यांना नाही म्हणायचे. नाही तर नरडाणा.

गुरुवार, ११ मे. असोदा
विहीर दोन भावांची, सामाईक. थोरले दगडूआबा, धाकटे सुपडूभाऊ. सहा वर्षे बोलत नाहीत. पाण्याची एक दिवसाआड पाळी. ज्याची संपली त्याने स्टार्टरच्या पेटीला फडके बांधायचे, दुसऱ्याने येऊन सोडायचे. सगळे बोलणे त्या फडक्यावर. भांडणाचे कारण, एका पावसाळ्यात आबांची मोटर विहिरीतून नाहीशी झाली. धाकट्याने विकली असे आबांचे म्हणणे.
आता सुपडूभाऊंची नवी मोटर दोर तुटून तळाला गेली आहे. ती काढायची. निघाली तर नानांना दोनशे. नाही निघाली तर नारळाचा प्रसाद खाऊन घरी.
बरीच माणसे जमली होती. एका आजीने सिलिंडरला हात लावून विचारले, "याच्यात आक्सिजन हाये का?"
नाना म्हणाले, "साधी हवा आहे, आजी. सायकलच्या चाकात असते तीच. पण हा पोरगा पंक्चर झाला तर ढकलत नेता येत नाही."
माझ्याकडे बघून सगळे हसले. मीही हसलो.
खाली डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच. शिकवल्याप्रमाणे भिंतीला हात लावला, कडेकडेने सरकत गेलो. कोपरापर्यंत गाळ. वर सगळा जळगाव जिल्हा सावली शोधत होता आणि मी कुडकुडत होतो. या नोकरीतला भत्ता म्हणायचा तर एवढाच.
लोखंड लागले. चाचपले, मोटरच. दोन गाठी मारल्या, मग तिसरीही. दोराला तीन झटके, म्हणजे वर ओढा.
बाहेर आलो. चेनपुलीला चिखलाचा गोळा लटकत होता. सुपडूभाऊ म्हणाले, "ही माही न्हाई."
दगडूआबा लांब निंबाखाली बसले होते. ते उठून आले. धोतराच्या सोग्याने चिखल पुसला. छिन्नीने कोरलेला 'द' दिसला. तिथेच खाली बसले.
"माही हाये," म्हणाले.
आज दोर रफिकभाईंकडे होता. त्यांनी हळूच कान उपटले. "दोर जिथे तुटला, त्याच्या सरळ खाली जायचं. कडेने फिरायचं ते बुडालेला माणूस शोधताना. तू विहिरीला प्रदक्षिणा घालत होतास का?"
नानांनी पैशाचे विचारले.
सुपडूभाऊ : "ज्याची निघाली तो देईन."
आबा : "मी कुठी बलावलं होतं?" आणि मग थेट भावाकडे वळून, "सुपड्या, मानसं तू आनली, पैसे तू दे."
कोणीतरी फिस्सकन हसले. मग सगळेच. सहा वर्षांनी आबा भावाशी बोलले ते हे.
सुपडूभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "आबा, मी इकली ना ही मोटर?"
आबा बराच वेळ मोटरवरचा चिखल काढत राहिले. मग म्हणाले, "चहा सांग सगळ्याईले."
सिलिंडरमधली हवा संपली होती. चहा पिऊन परत. पैसे नाहीत.

शुक्रवार, १२ मे
सिलिंडर भरले. नाना दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. कालची डुबकी हिशेबात धरणार का, विचारायचे धाडस झाले नाही. नरडाण्याच्या एस.टी.ची वेळ विचारून आलो. सहजच.

शनिवार, १३ मे
पुन्हा असोदा. मीच. तुटलेल्या दोराच्या सरळ खाली गेलो. पाय टेकले ते मोटरवरच. तरी वरच्या कडीला हात लावून नवा रंग गुळगुळीत लागतो का ते बघितले, मगच गाठ. तीन झटके.
सुपडूभाऊंनी दोनशे मोजून दिले. जेवायला शेवेची भाजी, कळण्याची भाकरी. दोघे भाऊ एकाच पंगतीत होते. एकमेकांशी फारसे बोलले नाहीत, पण आबांनी मिठाची वाटी पुढे सरकवली. आज पाळी बदलायची होती. पेटीला फडके नव्हते. आबांनी बांधावरून हाक मारली, "सुपड्या, लाव तुही मोटर."
येताना नाना म्हणाले, "आजची डुबकी धरली. गुरुवारची नाही. गुरुवारी तुला दोराचा रोज."
बरोबरच आहे. धरणाचे विचारले. "बघू."

मंगळवार, १६ मे
दगडूआबा एस.टी.ने आले, खांद्यावर केळीचा घड. मोटर पार गंजली होती, भंगारात घातली म्हणाले. माझ्या हातात पन्नासची नोट कोंबली.
मी म्हणालो, "पैसे नानांकडे द्यायचा नियम आहे."
"ते मोटर नानाची नव्हती." जाता जाता दारातून, "पुढच्या टायमाले चुकशीन, तं असाच चुकजो."
संध्याकाळी नोट नानांपुढे ठेवली. उलटीसुलटी बघून त्यांनी परत दिली. "ती डुबकी मी धरलीच नाही. मग माझा हक्क कुठला?" केळी मात्र चार खाल्ली.

गुरुवार, १८ मे
रफिकभाईंचा कान मोकळा झाला. त्याच दिवशी नाना धरणावरून आले. सध्या एकच उतरणारा घ्या, दुसऱ्याचे आठवड्याने सांगू, असे तिथले साहेब म्हणतात.
कोण जाणार विचारले. नाना म्हणाले, "सोमवारी सकाळी दोघांची नाकं बघतो. ज्याचं मोकळं, तो."
रफिकभाई मला लगेच बर्फाचा गोळा खायला बोलवू लागले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "अरे, मी देतोय पैसे." म्हणून तर नको म्हणालो.

आठवड्याचा हिशेब.
आले : डुबकी (शनि.) १००. दोराचा रोज (गुरु.) २०. आबा ५०. एकूण १७०.
नानांनी शिकवणीचे कापले ५०. हाती १२०.
खर्च : आईला ६०. काचेच्या मुखवट्याचा पट्टा १२. नाकाचा बाम ६. पोस्टकार्ड ०.१५. एकूण ७८.१५.
शिल्लक ४१.८५.
देणे : नानांना शिकवणीचे २५०. मेहुण्यांना उत्तर, परवापर्यंत. नाकाचा निकाल मात्र सोमवारी. कार्डावर फक्त पत्ता लिहून ठेवला आहे.